थॉमस ग्रीनवे आणि दहा मुलांची अट



वर्गात किती मुले असली म्हणजे त्यांना मातृभाषेतून शिकवायचे? पटसंख्येचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात यावरून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मोठा वाद झाला. तेव्हा तेथील प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, होते थॉमस ग्रीनवे.

ग्रीनवे यांचा जन्म १८३८ साली इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे झाला. लहानपणीच ते कुटुंबाबरोबर कॅनडात आले. आधी दुकानदारी, मग राजकारण आणि पुढे मॅनिटोबात शेती, असा त्यांचा प्रवास. १८८८ मध्ये ते प्रीमियर झाले आणि त्याच वर्षी पॅसिफिक रेल्वेची मक्तेदारी संपली. शेतकरी खूश झाले. पण त्यांचे नाव राहिले ते शाळांच्या प्रश्नामुळे.

१८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, तेव्हा वस्ती १२ हजारांच्या आसपास होती. फ्रेंच व इंग्रजी बोलणारे जवळजवळ सारखेच. म्हणून विधिमंडळात आणि न्यायालयात दोन्ही भाषांना कायद्याने स्थान मिळाले. पुढील वीस वर्षांत ऑन्टारिओतून इंग्रजी भाषिक मोठ्या संख्येने आले. १८९० मध्ये ग्रीनवे सरकारने फ्रेंचचा दर्जा काढून घेतला आणि कॅथलिक शाळांचे अनुदानही बंद केले. फ्रेंच मुले बहुतेक कॅथलिक, त्यामुळे भाषा आणि शाळा दोन्ही एकदमच गेल्या. शिवाय ज्या शाळेत आपली मुले जात नाहीत, तिच्यासाठीही पालकांना कर भरावा लागे!

खटले लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. अखेर १८९६ मध्ये देशाचे नवे पंतप्रधान विल्फ्रिड लॉरिए आणि ग्रीनवे यांच्यात तडजोड झाली. शाळेचा शेवटचा अर्धा तास धर्मशिक्षणाला. शहरातील शाळेत ४० कॅथलिक मुले असल्यास, पालकांनी अर्ज केल्यावर, कॅथलिक शिक्षक. आणि १० मुलांची मातृभाषा फ्रेंच किंवा इंग्रजीखेरीज दुसरी कोणतीही असल्यास त्या भाषेतून व इंग्रजीतून शिक्षण. या 'दुसरी कोणतीही'चा लाभ जर्मन, पोलिश व युक्रेनियन मुलांनाही झाला.

तडजोड वाईट नव्हती, असे मला वाटते. पण जो हक्क होता त्याची सवलत झाली, आणि सवलत काढून घ्यायला वेळ लागत नाही. १९१६ मध्ये दुसऱ्या सरकारने ते कलमच रद्द केले. ग्रीनवे १९०८ मध्येच वारले होते. त्यानंतर फ्रेंच शिक्षक गुपचूप शिकवत, आणि इन्स्पेक्टर आले की पुस्तके लपवत.

१९७६ मध्ये सेंट बोनिफेस येथील जॉर्ज फॉरेस्ट यांना गाडी उभी करण्याबद्दल दंडाची पावती मिळाली, तीही फक्त इंग्रजीत. ते न्यायालयात गेले. १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १८९० चा भाषा कायदा अवैध ठरवला. एका पावतीवरून ८९ वर्षांनी!

आपल्या देशात ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. प्राथमिक शाळेत एखादी भाषा बोलणारी ४० मुले, किंवा एका वर्गात १० मुले असल्यास त्या भाषेचा शिक्षक द्यावा, असे तिथे ठरले. आकडे पाहा, तेच ४० आणि १०. पुढे १९५६ मध्ये राज्यघटनेत ३५० क हे कलम आले.

स्वाध्याय : नकाशात विनिपेग शोधा. मग आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले किती, ते मोजून मला सोमवारी सांगा.