रुद्रदेव महाराज

काकतीयांच्या शिलालेखांत ‘रुद्रदेव महाराज’ असा उल्लेख येतो, तेव्हा नवख्या वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशाळ राजाच उभा राहतो. वस्तुतः ही गणपतिदेवाची कन्या रुद्रमादेवी. गणपतिदेवाला पुत्र नव्हता, म्हणून त्याने मुलीलाच पुरुषी नाव देऊन वारस केले. सुमारे १२६२ ते १२८९ या काळात तिने ओरुगल्लू, म्हणजे आजच्या वारंगळहून, राज्य केले. आपल्या देवगिरीच्या महादेव यादवाशीही ती झुंजली.

मार्को पोलो तिच्या कारभाराची स्तुती करतो, पण तिला राजाची विधवा समजतो. गादीवरची बाई कुणाची तरी विधवाच असणार, हा त्याचा तर्क मला फार बोलका वाटतो! तिचा पती वीरभद्र हा निडदवोलूच्या चालुक्यांपैकी. राज्यकारभारात मात्र तो कोठेच दिसत नाही.

खरा पेच पुढे होता. रुद्रमेलाही मुलगा नव्हता, आणि मुलीचा मुलगा रूढीने परक्या कुळाचा. तेव्हा तिने कन्या मुम्मडम्मेचा पुत्र प्रतापरुद्र यास दत्तक घेतले. आजी अशी नातवाची आई झाली.

नलगोंडा भागातील चंदुपटला येथील १२८९ च्या शिलालेखात रुद्रमा व तिचा सेनानी मल्लिकार्जुन या दोघांच्या शिवलोकप्राप्तीची एकत्र नोंद आहे. ती रणांगणावर पडली असावी, हे अभ्यासकांचे अनुमान याच लेखावर उभे आहे.