फोडणीचा भात

सोलापूर हा ज्वारीचा प्रदेश होय. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. तरीही येथील पुष्कळ घरी भाकरीमागोमाग चार घास भात लागतोच. तो कधी उरतो, आणि उरलेले अन्न टाकणे आपल्याकडे पाप मानले जाते. म्हणून आपल्या गृहिणींनी उरलेल्या भाताला फोडणी देण्याची युक्ती योजली. या शहरात मराठीबरोबर कन्नड व तेलुगू भाषाही कानी पडतात. कन्नड घरांत फोडणीच्या भाताला चित्रान्न म्हणतात. तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या घरी चिंचेचा कोळ घालून पुलिहोरा करतात. दूर चीन देशातही खोलगट लोखंडी कढईत, प्रखर आचेवर, भाज्यांसह निवलेला भात परततात.

अशा भातात अळिंबी घातली म्हणजे तो अधिक रुचकर व सकस होतो. मुलांनो, अळिंबी ही भाजी म्हणून विकली जात असली, तरी ती वनस्पती नव्हे. तिच्यात हरितद्रव्य नसते. त्यामुळे तिला सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करता येत नाही. ती बुरशीच्या वर्गातील असून कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून आपले पोषण करून घेते. धिंगरी जातीची अळिंबी गव्हाच्या काडावर किंवा ज्वारीच्या कडब्यावरही वाढविता येते. जो कडबा आपण गुरांपुढे टाकतो, त्यातून माणसाचेही अन्न निर्माण व्हावे, ही निसर्गाची केवढी किमया!

परंतु येथे एक इशारा दिलाच पाहिजे. पावसाळ्यात उकिरड्यावर व झाडांच्या बुंध्यांशी ज्या छत्र्या उगवतात, त्यांना लोक कुत्र्याची छत्री म्हणतात. त्यांपैकी काही अत्यंत विषारी असतात. चांदीचे नाणे काळे पडले नाही, किंवा किड्यांनी छत्री कुरतडली आहे, एवढ्यावरून ती खाण्याजोगी ठरत नाही. काही जातींचे विष शिजविल्यानेही नाहीसे होत नाही, आणि त्याची लक्षणे सहा तासांहून अधिक काळ लोटल्यावर दिसू लागतात. तोवर विष शरीरात भिनलेले असते. यास्तव लागवड केलेली, बाजारातून आणलेली अळिंबीच वापरावी.

दुसरी सावधगिरी भाताविषयी. भात शिजला तरी काही सूक्ष्म जंतूंची बीजे त्यात जिवंत राहतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास पडून राहिला, की हे जंतू वाढतात व विष निर्माण करतात. असा भात पुन्हा तापविल्याने ते विष जात नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेव्हा हा धोका अधिकच. म्हणून उरणारा भात परातीत पसरून लवकर निववावा, झाकून शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी संपवावा. शीतकपाट नसेल, तर भात बेतानेच शिजवावा.

आता कृती पाहू. तीन माणसांसाठी निवलेला मोकळा भात चार वाट्या, अळिंबी २०० ग्रॅम, गाजर, फरसबी व कोबी मिळून दोन वाट्या, एक कांदा आणि तीन मोठे चमचे तेल घ्यावे. ताज्या भाताचे शीत मऊ व चिकट असते. ते निवले म्हणजे घट्ट होते आणि परतताना मोडत नाही. भाज्या धुऊन, कोरड्या करून बारीक चिराव्या. अळिंबी झटपट धुवावी. पाण्यात भिजत ठेवू नये.

घरातील वडील माणसाला जवळ उभे करूनच चूल पेटवावी. कढईत निम्मे तेल तापवून प्रथम अळिंबी परतावी. तिच्यात सुमारे नव्वद टक्के पाणी असते. ते सुटते व आटते. पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत धीर धरावा आणि मग ती काढून ठेवावी. उरलेल्या तेलात मोहरी तडतडली, की जिरे, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची व हळद घालावी. नंतर कांदा, मग गाजर व फरसबी, शेवटी कोबी, या क्रमाने टाकावे. कारण जे उशिरा शिजते त्याला आधी स्थान द्यावे लागते. भाज्या किंचित करकरीत असतानाच भात, अळिंबी व मीठ घालून हलक्या हाताने परतावे. भात चांगला वाफाळला, की वरून लिंबू पिळावे, कोथिंबीर पेरावी आणि ताटात शेंगाचटणी वाढावी.

सोलापुरात कितीतरी माता दिवसभर विड्या वळून संसाराला हातभार लावतात. अशा दमलेल्या आईपुढे लेकराने वाफाळता भात ठेवला, तर तिला केवढे समाधान वाटेल! स्वयंपाक हे केवळ मुलींचे काम, असे मानणाऱ्या मुलांनी तर ही कृती अवश्य करून पाहावी. ज्याला भूक लागते, त्याला अन्न रांधताही आले पाहिजे.

स्वाध्याय

१. अळिंबीला वनस्पती का म्हणत नाहीत?
२. कारणे द्या : (अ) फोडणीसाठी निवलेला भात घेतात. (आ) कोबी शेवटी टाकतात.
३. तुमच्या घरी उरलेल्या भाकरीचे काय करतात, ते विचारून पाच-सहा वाक्यांत लिहा.