स्पीकरची वायर : खरे तांबे, पुरे माप

आम्ही कापडवाले ताग्यातून धागा काढून माल पारखतो. वायरही तशीच पारखावी. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवली जाते. ब्लेडने तार खरवडावी. आत पांढरी निघाल्यास घेऊ नये. वसई-विरारच्या कारागिरांना मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ, लॅमिंग्टन रोडवर वायर व पिना सुट्या मिळतात.

८ ओहमच्या स्पीकरला ५ मीटरपर्यंत दीड चौरस मि.मी.ची दुपदरी वायर पुरते. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा रोध सुमारे ०.१२ ओहम, म्हणजे दोन टक्क्यांहून कमी. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून टोके सोलावीत, पीळ देऊन पिनेत आवळावीत. एखादी बारीक तार बाहेर राहून दुसरीला टेकली, तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो.

काही स्पीकरांमागे चार टर्मिनल व त्यांना जोडणाऱ्या पट्ट्या असतात. पट्टी गंजली असेल तर उरलेल्या वायरचे जंपर करावेत : लालला लाल, काळ्याला काळे. आपल्या खाऱ्या, दमट हवेत तांबे काळवंडते. पावसाळ्यानंतर टोके कापून नवी करावीत.

महाग वायरने आवाज बदलतो, असे सांगून गिऱ्हाईकाकडून जादा दाम घेऊ नये. खरे तांबे, पुरे माप आणि पक्का जोड यांचेच पैसे घ्यावेत.