क्षेपणास्त्रे, गोपनीयता आणि नागरिकांचा माहितीचा अधिकार

दि. ९ मार्च २०२२ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास भारताचे एक क्षेपणास्त्र नित्याच्या देखभालीच्या वेळी चुकून सुटले आणि सीमा ओलांडून पाकिस्तानातील मियाँ चन्नू या गावाजवळ कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानच्या लष्करी प्रवक्त्याने ही वार्ता जाहीर केली. भारताच्या संरक्षण मंत्रालयाचे निवेदन ११ मार्चला निघाले. आपल्याच भूमीवरून सुटलेल्या अस्त्राची बातमी भारतीय नागरिकाला प्रथम परक्या देशाकडून कळावी, हे काही भूषणावह नव्हते.

त्या पहिल्या निवेदनात घटनेचे कारण तांत्रिक बिघाड असे दिले होते. खेद व्यक्त करून उच्चस्तरीय चौकशीचा आदेशही जाहीर करण्यात आला. १५ मार्चला संरक्षणमंत्री श्री. राजनाथ सिंह यांनी संसदेत निवेदन केले. पुढे २३ ऑगस्टला हवाई दलाने चौकशीचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. क्षेपणास्त्र ब्राह्मोस जातीचे होते. तीन अधिकाऱ्यांनी ठरलेली कार्यपद्धती न पाळल्यामुळे ते सुटले. त्यांच्या सेवा समाप्त करण्यात आल्या. मार्चमधला ‘बिघाड’ ऑगस्टमध्ये माणसांच्या हातून झालेली चूक ठरला. हा फरक लहान नाही, कारण यंत्राचा दोष आणि शिस्तीचा दोष यांवरचे उपाय निराळे असतात.

अशा प्रसंगी नागरिकाने शासनाकडे काय मागावे आणि कायदा त्याला काय देतो? शासकीय गुपिते अधिनियम १९२३ सालचा, म्हणजे परकीय राजवटीतला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने तो रद्द केला नाही. मात्र दोहोंत विसंगती असेल तेथे नव्या कायद्याला वरचढ ठरविले. या नव्या कायद्याच्या कलम ८ (१) (क) नुसार देशाची सुरक्षितता, युद्धनीती आणि परराष्ट्रांशी असलेले संबंध यांना बाध आणणारी माहिती नाकारता येते. इतर अनेक अपवाद वीस वर्षांनी गळून पडतात, हा पडत नाही. तरीही कलम ८ (२) असे सांगते की, माहिती उघड करण्यातले लोकहित होणाऱ्या हानीपेक्षा अधिक असेल, तर ती देता येते.

एक समज येथे दूर करावयास हवा. ज्या संघटनांना या कायद्यातून बहुतांशी वगळले आहे त्यांच्या यादीत संरक्षण संशोधन व विकास संघटना आहे. भूदल, नौदल व हवाई दल त्या यादीत नाहीत. तेव्हा हवाई दलाकडे अर्ज करता येतो. उत्तर काय मिळेल, हा पुढचा प्रश्न.

न्यायालयाची भूमिकाही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १९७५ साली राजनारायण खटल्यात पंतप्रधानांच्या दौऱ्यातील सुरक्षाव्यवस्थेचे नियमपुस्तक दाखविण्यास उत्तर प्रदेश शासनाने हरकत घेतली होती. कागद गोपनीय आहे असे शासनाने म्हटल्याने प्रश्न मिटत नाही, न्यायालय तो स्वतः पाहून निर्णय देऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले.

अर्ज करणाऱ्याने प्रश्नाची मांडणी जपून करावी. क्षेपणास्त्राचा पल्ला, तळाचे ठिकाण, मार्गदर्शन यंत्रणा यांची मागणी फेटाळली जाईल, आणि ते योग्यही आहे. परंतु चौकशी कोणत्या तारखेस पूर्ण झाली, कार्यपद्धतीचा फेरविचार झाला किंवा नाही, झालेल्या नुकसानीचा अंदाज काय, अशा प्रश्नांनी शत्रूच्या हाती सहसा काही लागत नाही. एकाच कागदात गुप्त आणि उघड मजकूर मिसळलेला असेल, तर कलम १० प्रमाणे गुप्त भाग वगळून उरलेला मागता येतो. अर्ज महाराष्ट्रातून मराठीतही करता येतो, कारण सांगावे लागत नाही, आणि केंद्रीय कार्यालयांसाठी शुल्क दहा रुपये आहे. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते. नकार आल्यास तीस दिवसांत त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करावे, आणि तेथेही समाधान न झाल्यास नव्वद दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे जावे. नकार कोणत्या कलमाखाली दिला आणि त्यामागचे कारण काय, हे अधिकाऱ्याला लेखी कळवावेच लागते. अपिलाची बांधणी त्याच कारणावर करावयाची असते.