कोथिंबीर समजून चुरगळू नका : पाणथळीतल्या जलधनियापासून सावध

संक्रांत झाली की दिल्लीच्या आसपास ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत एक लुसलुशीत, तकतकीत हिरवं तण जोर धरतं. यमुनेचा खादर (आपल्याकडे नदीकाठच्या अशा जमिनीला मळई म्हणतात), तळ्यांच्या कडा, नाल्यांचे काठ, बरसीम या चाऱ्याच्या पिकाला पाणी देणारे पाट या त्याच्या आवडत्या जागा. इकडे त्याला जलधनिया म्हणतात. महाराष्ट्रातून येऊन इथे भाजीपाला किंवा दोन-चार जनावरं सांभाळणाऱ्यांनी ते नीट ओळखून ठेवायला हवं. बेशरम, धोतरा, कण्हेर ही विषारी झाडं आपल्याला लहानपणापासून माहीत असतात. जलधनिया बहुतेकांच्या नजरेखालून गेलेलं नसतं. त्यात नावातच धने असल्यामुळे घात होतो.

रोप वीत-दीड वीत ते हातभर वाढतं. देठ जाड, गुळगुळीत आणि आतून पोकळ. खालची पानं तीन भागांत कातरलेली, कोथिंबिरीच्या बुडाच्या पानांसारखी; शेंड्याकडची अरुंद. फुलं पिवळी, पाच पाकळ्यांची, नखाहूनही लहान. खरी खूण मात्र फुलाच्या मधोमध असते. तिथे हिरवा उभट गोंडा वाढत जातो आणि पाकळ्या गळल्यावर तो छोट्या पिंपळीसारखा दिसतो. बारीक बारीक बिया त्यावर दाटीनं बसलेल्या असतात. कोथिंबिरीला पांढरी छत्रीसारखी फुलं येतात, त्यामुळे फुलोऱ्यात गफलत होत नाही. धोका आहे तो फुलापूर्वीच्या दिवसांत.

आणि इथेच आपली एक सवय अंगाशी येते. पान कसलं हे कळलं नाही की आपण ते बोटांत चुरगळून हुंगतो, कोणी दाताखाली धरून पाहतं. जलधनियाच्या बाबतीत हे दोन्ही करू नका. रोप अखंड असतं तोवर त्यातलं रॅननक्युलिन नावाचं द्रव्य निरुपद्रवी असतं. पान चुरगळलं, चावलं किंवा कापलं की त्यापासून प्रोटोॲनिमोनिन नावाचं जळजळीत द्रव्य तयार होतं. त्यानं कातडी लाल होते, फोड येतात, तोंड पोळतं. जुन्या काळी युरोपातले काही भिकारी दया मिळावी म्हणून याच रसानं अंगावर मुद्दाम जखमा उठवून घेत. रस लागलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. तो हात डोळ्याला लावू नका.

जनावरं मोकळी चरत असली तर तिखट चवीमुळे सहसा याला तोंड लावत नाहीत. पण बरसीमसोबत हे तण कापलं गेलं, मशीनमधून त्याची कुट्टी झाली आणि ती गव्हाणीत पडली, की गाईला निवडायला काही उरत नाही. माझ्या मते खरी काळजी कुरणापेक्षा कुट्टीची घ्यायला हवी. तोंडातून लाळ गळणं, तोंड आतून लाल होणं, पोटदुखी, पातळ शेण आणि कधी त्यात रक्त, दूध कमी होणं ही लक्षणं दिसली तर तो चारा ताबडतोब काढून घ्या आणि पशुवैद्याला बोलवा. चाऱ्यातली रोपंही दाखवा. या विषावर ठरावीक उतारा नाही. घरगुती काढा किंवा तेल जबरदस्तीनं पाजू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर दुसरंच संकट ओढवतं.

पूर्ण वाळल्यावर या रोपाचा जहालपणा जातो, हे खरं. तरी अर्धवट सुकलेल्या पेंढीवर भरवसा ठेवू नये. चाऱ्यातून ते वेगळं काढणंच बरं.

काढायची वेळ बी धरण्याआधीची. मुळं तंतुमय असतात, ओल्या मातीतून रोप सहज उपटतं. हातात रबरी मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. उपटलेलं पाटात टाकू नका, कारण पाण्याबरोबर बी खालच्या शेतात जातं. जनावरं आणि मुलं पोचणार नाहीत अशा कोरड्या, उंच जागी वाळू द्या. शेतात पाणी साचत असेल तर चर काढून त्याला वाट द्या. ओल हटली की हे तण फार तग धरत नाही. तुमच्या शेतात आजवर दिसलं नाही म्हणून गाफील राहू नका. जुलै 2023 मध्ये दिल्लीत यमुना 208.66 मीटरपर्यंत चढली होती. असा पूर कोणाचं बी कोणाच्या रानात नेऊन टाकेल, सांगता येत नाही.

शंका आली तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 हा नंबर आहे. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात रोप पिशवीत बंद करून नेऊन दाखवता येतं. बरसीमची पुढची कापणी उद्यावर आली असेल, तर विळा लावण्याआधी मोजे घालून पाटाच्या कडेनं एक फेरी नक्की मारा.