चार बाटल्या आणि बर्म्युडाची बोट

चि. सोनूस,


ताई-भावोजींच्या लग्नाला 40 वर्षं होतायत, त्यासाठी तुम्ही सगळे इकडे अमेरिकेत येऊन बर्म्युडाच्या क्रूझला जाणार, आणि त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दिंडोरीच्या द्राक्षांची वाइन असावी असं तुझ्या मनात आहे. वाचून फार बरं वाटलं. भावोजींची उमेदीची वर्षं त्या पट्ट्यातल्या बागांमध्ये गेली. खरड छाटणी, गोडी छाटणी, अवकाळी पाऊस, भुरी, आणि दरवर्षी नव्याने केलेले हिशोब. त्यांच्या पेल्यात कॅलिफोर्नियाचं काही ओतण्यापेक्षा तू म्हणतेस तेच योग्य.

तुझे प्रश्न दोन होते. किती बाटल्या नेता येतात, आणि मैत्रीण म्हणते तसं शांपूच्या बाटलीत भरून नेलं तर चालतं का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते: नको. का, ते पुढे लिहिते.

आधी हे समजून घे की सगळ्या बोटींना मिळून एक नियम नाही. तुम्ही बायोनच्या केप लिबर्टी बंदरातून रॉयल कॅरिबियनने निघणार आहात. त्यांचं म्हणणं असं, की 21 वर्षांपुढच्या प्रत्येक प्रवाशाला बोटीवर चढण्याच्या दिवशी वाइनची किंवा शॅम्पेनची 750 मिलीची एक सीलबंद बाटली आणता येते. खोलीत बसून प्यायलात तर काही द्यायचं नाही. रेस्टॉरंटमध्ये उघडलीत तर बाटलीमागे 15 डॉलर कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून वाढण्याचं शुल्क. नॉर्वेजियनच्या बोटीवर वाइनच्या बाटल्या हव्या तितक्या नेता येतात, पण कॉर्केज प्रत्येक बाटलीवर, मग ती स्वतःच्या खोलीत का उघडेना. एमएससीवर बाहेरचं काहीच चालत नाही. वायकिंगवर याच्या अगदी उलट, आपली वाइन आणा, वर एक पैसा मागत नाहीत. म्हणून कोणी ‘आम्ही तर नेली होती’ म्हणालं, तर कुठल्या बोटीवर आणि कधी, हे आधी विचारायचं. हे नियम बदलतही असतात. निघायच्या आठवड्यात तुमच्या तिकिटाबरोबरच्या अटी पुन्हा एकदा वाच.

तर तुझा हिशोब: ताई, भावोजी, तू आणि जावईबापू, म्हणजे चार बाटल्या. धाकट्याच्या नावावर पाचवी धरू नकोस. तो 19 वर्षांचा आहे. युरोपातून सुटणाऱ्या बोटींवर 18ला चालतं, अमेरिकेतून सुटणाऱ्यांवर 21च. आणि ‘घोटभर घे रे’ म्हणून त्याच्या हातात पेला देऊ नका. घरातली गंमत म्हणून दिलेला तो पेला तिथे सगळ्यांना अडचणीत आणेल.

चारच का, असं तुला वाटेल. तुमच्या कारणासाठी चार पुष्कळ आहेत. पण या कडकपणामागचं कारण कळलेलं बरं. मोठ्या क्रूझ कंपन्यांच्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिकिटाबाहेरचा असतो. पेयं, कॅसिनो, किनाऱ्यावरच्या सहली यांतून तो येतो. तिकीट एवढ्या स्वस्तात मिळतं ते त्याच्या जोरावर. दुसरं कारण मला जास्त पटतं. भर समुद्रात कोणी बेसुमार प्यायलं, कठड्यावर चढलं, कोणाच्या अंगावर गेलं, तर पोलीस चौकी आणि मोठं हॉस्पिटल दोन्ही दूर असतात. कोणी किती घेतली हे बारवाल्याला दिसतं. शांपूच्या बाटलीतलं कोणालाच दिसत नाही.

आणि आता त्या शांपूच्या बाटलीबद्दल. अशी चोरटी दारू नेणारे पूर्वीपासून आहेत. माउथवॉशच्या बाटल्या, सनस्क्रीनच्या ट्यूबा, पाण्याच्या बाटल्यांत व्होडका. त्यातून काय झालं बघ. 2015मध्ये कार्निव्हलने प्रवाशांना पाण्याच्या आणि सोड्याच्या बाटल्या आणायलाच बंदी केली. फक्त डबे आणि खोके, तेही मोजून. एकेक बाटली उघडून तपासता तपासता चढणाऱ्यांच्या रांगा लांबत होत्या. काही लोकांच्या हुशारीपायी साध्या प्रवाशालाही स्वतःची पाण्याची बाटली आणता येईना.

शिवाय पकडलं गेलं तर त्रास होतो तो पुष्कळदा कंपनीच्या नोकराला. बोटीवर आपल्याकडची माणसं बरीच असतात. गोव्याची तर पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर. घर सोडून सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांच्या करारावर काम करणारी. तुमची खोली आवरणारा, रोज आत येणारा माणूस त्यांच्यातलाच असू शकतो. त्याच्या नजरेला ती बाटली पडली की त्याने काय करायचं? सांगितलं तर तुमची सहल बिघडते, कारण अटींमध्ये बोटीवरून उतरवण्यापर्यंत लिहिलेलं आहे. नाही सांगितलं तर त्याची नोकरी टांगणीला. परक्या मुलुखात राबणाऱ्या माणसाला आपल्या 30-40 डॉलरच्या बचतीसाठी अशा पेचात टाकू नये, असं मला मनापासून वाटतं. ताईलाही हेच वाटेल, विचार तिला.

आता प्रवासाचं. मुंबईहून निघताना बाटल्या चेक-इनच्या बॅगेत, कारण केबिनमध्ये 100 मिलीच्या वरचं द्रव जात नाही. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड टॉवेलमध्ये, आणि बॅगेच्या मधोमध, चारही बाजूंनी कपडे. काठाला ठेवलीस तर पट्ट्यावर आपटून फुटेल. चौघांच्या चार बॅगांमध्ये एकेक वाटून ठेव. इथे उतरल्यावर 21 वर्षांपुढच्या माणसाला एक लिटरपर्यंत कर लागत नाही, म्हणजे प्रत्येकी एक बाटली त्यात बसते. विचारलं तर सरळ सांगायचं, ‘वाइन आहे, स्वतःसाठी आणलीय.’

बोटीच्या दिवशी मात्र उलट करायचं. धक्क्यावर हमालाकडे मोठ्या बॅगा देतात, त्या संध्याकाळपर्यंत खोलीपाशी येतात. त्या बॅगांत बाटली ठेवायची नाही. क्ष-किरण यंत्रात ती दिसते, बॅग अडकवून ठेवतात, आणि ताईची पैठणी त्याच बॅगेत असली तर पहिल्या संध्याकाळी ती कपड्यांविना बसेल. बाटल्या हातातल्या पिशव्यांत ठेवा, ज्याची त्याच्याकडे. यंत्रापाशी पोचल्यावर बाहेर काढून दाखवा. तिथला माणूस सील बघतो, मान हलवतो, पुढे जा म्हणतो. खोक्यातली वाइन आणू नका, घरी उघडून पुन्हा बूच लावलेली तर नाहीच.

वाइन कुठली, ते तू ठरव. शेनिन ब्लां आणि शिराझ दोन्ही घे असं मी म्हणेन. ताईला गोडसर आवडतं आणि भावोजी मांसाहारी. 1990च्या दशकाच्या शेवटी सुला या वाइन कंपनीने नाशिकला सुरुवात केली तेव्हा द्राक्ष म्हणजे खायचं किंवा बेदाण्याचं असाच आपल्याकडे समज होता. 2010मध्ये नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं. भावोजींनी ती सगळी वर्षं जवळून पाहिली आहेत, बोलतं केलंस तर तासभर ऐकवतील. फार जुनी लाल वाइन मात्र नको, तळाशी गाळ असतो आणि बोटीच्या हलण्याने तो वर येतो. फिरकीच्या झाकणाची मिळाली तर ओपनरची शोधाशोध वाचेल.

पहिल्याच संध्याकाळी तुमच्या टेबलाच्या वेटरला गाठ आणि लग्नाच्या वाढदिवसाची रात्र कुठली ते सांग. पांढरी बाटली त्या दिवशी दुपारी त्याच्याकडे दे. खोलीतला छोटा फ्रिज तिला धड गार करत नाही, त्यांच्याकडे बर्फाची बादली असते. एका रात्रीत संपली नाही तर लेबलावर खोली क्रमांक लिहून ते उरलेली ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी आणून देतात. या सगळ्या मेहनतीचे ते 15 डॉलर. बोटीची बाटली घ्याल तर बिलावर आणखी 18 टक्के सेवाशुल्कही चढेल. कॉर्केज वाचवायला खोलीतूनच पेले भरून खाली नेणारे मी पाहिलेत. डोलणाऱ्या जिन्यावरून भरलेला पेला सांभाळत ताईने खाली यावं असं मला वाटत नाही. बाटली टेबलावर असू दे, लेबल भावोजींना दिसू दे.

अमर्याद पेयांचं पॅकेज मात्र घेऊ नका. एका खोलीतल्या एकाने घेतलं तर दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, आणि ताई दिवसाकाठी अर्धा पेलासुद्धा संपवत नाही.

बर्म्युडाला रॉयल नेव्हल डॉकयार्डपाशी बोट लागते. भावोजी गॉसलिंग्जच्या रमच्या दुकानात शिरणार हे गृहीत धर, 1806पासूनचं घराणं आहे ते. घेऊ देत. बोटीवर चढताना ती बाटली ठेवून घेतात, पावती देतात, आणि प्रवास संपताना परत करतात. पावती तू सांभाळ. फक्त ब्लॅक सील 151 घेऊ देऊ नकोस. तिच्यात अल्कोहोल 75.5 टक्के आहे, आणि 70च्या वरचं विमानात कुठेही चालत नाही. साधी ब्लॅक सील चालेल. भारतात परतताना माणशी दोन लिटरपर्यंत कर नाही.

एक काम तुझ्याकडे. निघायच्या आधी भावोजींच्या डॉक्टरांना विचारून घे, रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर किती चालेल. ते स्वतः विचारणार नाहीत. बोटीच्या चार दिवस आधी तरी आमच्याकडे या. बाटल्या आमच्या तळघरात थंडाव्यात पडून राहतील, आणि केप लिबर्टीला मीच सोडेन. गाडीच्या डिकीत उन्हात बाटल्या ठेवू नका म्हणून जावईबापूंना आधीच सांगून ठेव.

सर्वांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझी,
मावशी