नक्षीच्या आधी झाकण

नेसरी, ता. गडहिंग्लज
10 मे

चि. बाळास,


फणेरं करायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. ऐना, फणी, कुंकवाचा करंडा आणि मेणाची डबी एका जागी ठेवणारी ही पेटी आपल्याकडच्या घरांतून जवळजवळ गेलीच आहे. झाकणावर कोरायच्या कोयऱ्यांचं आणि वेलाचं चित्र पाठवलंस, तेही देखणं आहे. तरीही माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. नक्षीला पटाशी लावण्यापूर्वी पेटीनं एक पावसाळा काढलेला असू दे. झाकण आषाढात अडत नाही आणि वैशाखात खुळखुळत नाही, याची खात्री पटेपर्यंत तिच्यावर एक पाकळीसुद्धा कोरू नकोस.

याचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे. झाड तोडलं, फळ्या काढल्या, वर्षभर सावलीत वाळवल्या, तरी लाकूड थांबत नाही. हवेतली ओल घेऊन फुगतं, सोडून आकसतं, आणि हे शंभर वर्षांच्या तुळईतही चालूच असतं. शिवाय ते सगळ्या बाजूंनी सारखं हलत नाही. ओलं सागवान पूर्ण वाळवलं तर वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं साडेपाच-सहा टक्के आकसतं, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि लांबीत जवळजवळ काहीच नाही. आता हे तुझ्या पेटीला लावून बघ. झाकणाची सागवानी फळी 15 सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, वर्तुळांच्या रेघा आडव्या दिसतात असं धर. उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना तिच्यातली ओल सहा टक्क्यांनी वाढली, तर ती दीड मिलिमीटरहून जास्त रुंद होते. त्याच मापाच्या फळीत वर्तुळं उभी असतील तर हाच फरक पाऊण मिलिमीटरवर येतो. म्हणून वखारीत फळी निवडताना आधी तिचं तोंड बघायचं, अंगावरची चित्रं नंतर. आपलं गाव तर पश्चिमेच्या धो धो पावसाच्या आणि पूर्वेच्या कोरड्या मुलखाच्या मधोमध आहे. इथं मे महिन्यात घट्ट बसवलेलं झाकण जुलैत हातोडीशिवाय उघडत नाही, आणि ओल्या हवेत नेमकं बसवलेलं झाकण सोलापूरला नेलं की सैल पडतं.

जुन्या कारागिरांनी यावर काय केलं, हे बघायला फार लांब जायला नको. आंबोलीचा घाट उतरलं की सावंतवाडी. तिथली गंजिफा तुला माहीत आहे; राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी 1970 च्या दशकात ही कला पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 गोल पानं असतात आणि ती ठेवायला रंगवलेली लाकडी पेटी असते. सगळे त्या पेटीवरची चित्रं बघतात, तू सरकतं झाकण बघ. अशा झाकणाला खिळा नाही, सरस नाही, बिजागरी नाही. ते दोन्ही बाजूंच्या खाचेत नुसतं टेकलेलं असतं, म्हणून फुगायला त्याला जागा मिळते. तिकडे अमेरिकेत शेकर पंथाच्या लोकांनी पातळ पट्टी वाफवून, वाकवून लंबगोल डबे केले. पट्टीची टोकं जिथं एकमेकांवर येतात तिथं वरचं टोक बोटांसारखं कापून तांब्याच्या चुकांनी ठोकत. ती निमुळती बोटं आज लोकांना शोभेची वाटतात. ती कापली होती पट्टी फुगली-आकसली तरी फाटू नये म्हणून. डब्यावर दुसरी नक्षी नाही, आणि तो तसाच सुंदर दिसतो.

तू म्हणशील, हे सगळं मान्य, पण आधी कोरून मग झाकण बसवलं तर बिघडलं कुठं? बिघडतं ते रंध्याशी. सपाट झाकण अडलं, थोडं वाकलं, एका कोपऱ्यात उचललं गेलं, तर रंध्याचे दोन हात मारून ते सरळ करता येतं. रंध्याखालून कागदासारखी पातळ, गुंडाळत येणारी साल निघते आणि फळी पुन्हा बसते. तीन मिलिमीटर खोल कोयऱ्या कोरल्या की त्या अंगावर रंधा चालवायची सोय संपली. मग उरतो पॉलिश पेपर, आणि तो नक्षीच्या धारा खाऊन टाकतो. रंगाचंही तेच. सांध्यावरून रंग दिला आणि खालचं लाकूड हललं, की रंग नेमका सांध्याच्या रेघेवर तडकतो.

दुसरी शंका तू पत्रातच काढली आहेस: एमडीएफ घेतला तर हे काहीच उरत नाही, यंत्रावर पाहिजे ती नक्षी कापून मिळते. खरं आहे, एमडीएफ रुंदीला फारसा हलत नाही, आणि शंभर सारख्या पेट्या करायच्या असतील तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण कडेला पाणी लागलं की तो जाडीत फुगतो आणि वाळल्यावर परत बसत नाही. कडेत बिजागरीचा स्क्रू एकदा सैल झाला की पुन्हा नीट धरत नाही. पटाशीनं कोरायला त्यात रेषाच नाहीत. हातानं करायचं म्हणतोस, तर हाताला उत्तर देणारा माल घे.

तिसरी शंका जास्त वजनाची आहे. घेणारा माणूस नक्षी बघून पैसे देतो, झाकणाचा सांधा कोण बघतो? डोळ्यानं कोणी बघत नाही, हे मी मान्य करतो. पण पेटी हातात आली की माणूस पहिल्यांदा ती उघडतो. झाकण सरळ वर आलं, मिटताना आतली हवा हळू दाबली गेली, की तो नकळत दोन-तीनदा उघड-मीट करतो. नक्षीकडे त्याचं लक्ष त्यानंतर जातं, आणि तेव्हा ती त्याला अधिक चांगली दिसते. आणि नक्षीचा हात बसवायला पेटीच कशाला हवी? उरलेल्या तुकड्यांवर पावसाळाभर रोज एक कोयरी कोरत जा.

आता कामाचं. चारही बाजू एकाच फळीतून ओळीनं काप, म्हणजे रेषा कोपऱ्यावरून वळून पुढच्या बाजूवर चालू राहतील. ही शोभा फुकटची आहे. वरची फळी सरसानं चिकटवू नकोस. बाजूंना आतून खाच पाड आणि तिच्यात ती सैल बसव. उन्हाळ्यात करतोस म्हणून खाचेत दोन्हीकडे मिळून वरच्या हिशेबाप्रमाणे फळी फुगायला पुरेल एवढी जागा ठेव. सगळी पेटी बंदच जोड आणि मग करवतीनं वरचा भाग कापून झाकण वेगळं कर, म्हणजे झाकण आणि पेटी एकमेकांशी जुळतील. पॉलिश आतून-बाहेरून सारखं दे. एकाच अंगाला दिलंस तर दुसऱ्या अंगानं ओल शिरते आणि फळी वाटीसारखी वळते. पॉलिशनं ओल थांबत नाही, फक्त सावकाश आत जाते.

मृग लागला की पेटी कपाटात न ठेवता बाहेर, हात पोचेल अशी ठेव. रोज एकदा उघड. झाकण जिथं धरेल तिथं पेन्सिलीनं बारीक रेघ मार आणि बाजूला तारीख लिही. दसऱ्याला येशील तेव्हा ती कोरी पेटी घेऊन ये, पेन्सिलीच्या खुणा पुसू नकोस. कोयऱ्या कुठं घ्यायच्या ते आपण त्या खुणा बघून ठरवू.

तुझा,
मामा